धनेशच्या गाडीचं ॲव्हरेज

भिवंडीजवळ राहनाळला घरच्या शेतांवर गोदामं उभी राहिल्यावर धनेशने घेतलेली तिसरी गाडी हायब्रीड होती. लांबलचक, पांढरी, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. २००९ साली आसपासच्या गावांत तशी दुसरी नव्हती. शोरूमवाल्याने ॲव्हरेज वीसच्या वर सांगितलं होतं. पण गोदाम ते घर अशा छोट्या फेऱ्या, खड्डे आणि कंटेनरच्या रांगा यांत ती चौदाच्या पुढे जात नव्हती. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

कामतघरला एका हळदीत चुलतभाऊ देवेशने त्याला सगळ्यांसमोर छेडलं. देवेशकडे तेवढीच मोठी, पण साधी पेट्रोलची गाडी होती.

"बॅटरी काय मिरवायला ठेवलीय? रस्त्यावर दोघांचं सारखंच जळतं."

पैज तिथेच लागली. बायपासच्या पंपावर दोन्ही टाक्या फुल्ल करायच्या, कार्ल्याला जाऊन यायचं, त्याच पंपावर परत फुल्ल करायच्या. ज्याला कमी पेट्रोल लागेल तो जिंकला. गाडीत माणसं तीन-तीन. देवेशने दोन मित्र घेतले. धनेशने बायको विनिता आणि आई जानकीबाईंना घेतलं. आई हलकी होती.

आईला त्याने एकवीरेचं दर्शन म्हणून सांगितलं. मे महिना होता, जानकीबाईंना साखरेचा त्रास होता, तरी त्या नवं लुगडं नेसून, ओटीची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या.

शिळफाट्याला गाड्या तुंबल्या. धनेशच्या गाडीचं इंजिन आपोआप बंद झालं आणि तो खूश झाला. मागे देवेशचं इंजिन धडधडत होतं. पुढे पनवेल सोडल्यावर मोकळ्या रस्त्यावर हा फायदा संपला आणि खंडाळ्याच्या चढावर तर पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत उतरला. विनिताने एसीचं बटण दाबलं. धनेशने तिच्या हातावर चापट मारली.

"कॉम्प्रेसर पेट्रोल खातो."

"आईंना घाम फुटलाय."

"घामाने कोण मरत नाही."

काचाही त्याने दोन बोटंच उघडू दिल्या. वारा आत शिरला की गाडी मागे ओढली जाते, असं त्याचं म्हणणं होतं.

कार्ल्याच्या फाट्यावरूनच त्याने गाडी परत वळवली.

"आरं, देवीचा डोंगुर तं तिकरं हाय," जानकीबाई म्हणाल्या.

"इथूनच हात जोड. पैज लागलीय, आई. तुझं वजन कमी म्हणून आणलंय."

त्यांनी हात जोडले आणि पिशवी बाजूला ठेवली.

परतीला ऊन थेट बाजूच्या काचेतून आत येत होतं. पनवेलला विनिताने थांबायला सांगितलं, मग विनवलं, मग ओरडली. धनेश वेग न बदलता चालवत राहिला. मागे वळून विनिताने सासूच्या तोंडात पाणी घातलं. ते ओठांच्या कडेने बाहेर आलं.

पंपावर पोचल्यावर जानकीबाईंची मान एका बाजूला कलली होती. अंग तापलं होतं, पण घाम थांबला होता. धनेशने एकदा पाहिलं आणि पंपवाल्याला म्हणाला, "आधी फुल्ल कर."

"गाडी काढा, दवाखान्यात न्यायचंय," विनिता म्हणाली.

"दोन मिनिटं. एवढं करून सोडू का आता?"

तेवढ्यात देवेश पोचला. त्याची गाडी आतून गार होती. त्याने आणि मित्रांनी जानकीबाईंना उचलून आपल्या गाडीत घातलं आणि टाकी न भरताच ते दवाखान्याकडे निघाले. धनेश पाइप टाकीतून बाहेर येईपर्यंत उभा राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "या किती वेळ उन्हात होत्या?"

"उन्हात कुठे? गाडीत होती," धनेश म्हणाला.

देवेशची टाकी दुसऱ्या दिवशी भरली. त्याचं ॲव्हरेज साडेदहा आलं, धनेशचं साडेसतरा.

"जाता-येता एसी लावला असतास तरी जिंकला असतास," देवेश म्हणाला. त्यानंतर तो धनेशशी बोलला नाही.

जानकीबाई वाचल्या. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. घरी आणल्यावर पाहुणे भेटायला येत. धनेश त्यांना आईची चौकशी संपायच्या आत साडेसतरा सांगत असे, मग अंगणात नेऊन गाडीचं बॉनेट उघडत असे.

एका दुपारी विनिता सासूला पेज भरवत होती. जानकीबाईंनी उजव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि खूप वेळ तोंड हलवून शब्द काढला.

"धनू... जितला?"

विनिताने चमचा वाटीत ठेवला. अंगणातून धनेशचं हसणं ऐकू येत होतं.

"न्हाय," ती म्हणाली. "हरला."

जानकीबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. पोर हरल्याच्या दुःखाने त्या वाकड्या तोंडाने रडत राहिल्या. विनिताने त्यांचे डोळे पुसले आणि पुढचा घास भरवला.