सूचना कार्यान्वित करण्यात आली

पावाच्या कारखान्यात नऊ वर्षं मी सुरक्षा बैठकीचं इतिवृत्त लिहीत होते. काय ठरलं ते नीट उतरवायचं आणि कागद सूचनाफलकावर लावायचा. भाषा माझी पहिल्यापासून चांगली. 'काम झालं' असं मी कधी लिहिलं नाही. 'सूचना कार्यान्वित करण्यात आली' असंच लिहायची. साहेबांनाही तो शब्द आवडायचा. भारदस्त आहे ना!

पद्धत अशी, की सूचना आली की दुरुस्ती विभागाला पत्र जायचं. पत्र गेलं की पुढच्या इतिवृत्तात मी ती कार्यान्वित करून मोकळी. पुढचं दुरुस्तीवाले बघतील. माझ्या आधीचेही तेच करायचे. मला कधी लाज वाटली नाही, खोटं कशाला बोलू?

माझा धाकटा भाऊ तिथंच पीठ मळायच्या यंत्रावर. चांगला सहा फुटी, म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणतात. आत चिकटलेलं पीठ काढायचं तर त्याला दरवेळी पार टोकाच्या भिंतीपर्यंत जाऊन बटण बंद करावं लागायचं. झाकण उघडलं की यंत्र आपोआप थांबावं, अशी सूचना त्यानं दिली.

"ताई, एवढं लवकर कर ना."

"अर्ज टाक आणि गप्प बस. इथं बहिणीचा वशिला चालत नाही," मी म्हटलं.

पत्र गेलं. पुढच्या महिन्यात मी कागद फलकावर लावला. दुसऱ्याच दिवशी सकाळी यंत्रानं त्याचा उजवा हात कोपरापर्यंत नेला.

चौकशीला बाहेरून अधिकारी आले. त्यांनी माझंच इतिवृत्त मोठ्यानं वाचलं. "सोय बसवलेली होती. म्हणजे कामगारानंच ती बिघडवली."

साहेब मान डोलवत होते. हात गेला तो गेलाच, वर दोषही त्याच्याच माथी! मी उभी राहिले.

"काही बसवलेलं नव्हतं. फक्त पत्र गेलं होतं. ते वाक्य खोटं आहे आणि ते मी लिहिलंय."

अधिकाऱ्यांनी माझा जबाब घेतला. साहेबांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी तडक इस्पितळ गाठलं. आता तरी त्याच्या नजरेला नजर देता येईल, असं वाटत होतं.

"तुझ्यावरचा आळ गेला रे," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

त्यानं माझ्याकडे मान वळवून विचारलं,

"म्हणजे बसवलंच नव्हतं?"

"नव्हतं."

"मी फलकावर वाचलं, ताई. म्हणून बटणापर्यंत गेलोच नाही. झाकण उघडलं आणि हात घातला."

मी उगाच त्याच्या अंगावरची चादर सारखी करू लागले.

"मुकादम म्हणत होता, आधी खात्री कर," तो म्हणाला. "मी म्हटलं, माझ्या बहिणीनं लिहिलंय."