दोन रेघांचं खोटं

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे हो, शिवणकामाची! पिवळी, कापडी, टोकाला पत्र्याची पट्टी. कारखान्यातून निघाले तेव्हा मी काटेकोर दीड मीटर होते आणि त्याचा मला कोण तोरा!

शिवणकाम करणाऱ्या एका आईने मला घरी आणलं. वीस वर्षं मी तिच्या गळ्यात मिरवले. "हिच्या हातचा कपडा कसा अंगाला चपखल बसतो!" असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि मी फुगायचे. पण ओढून ओढून मी ताणले गेले. माझ्या रेघा एकमेकींपासून दूर सरकल्या. आईला ते ठाऊक होतं. पण अंगही माझ्यानेच मोजायचं आणि कापडही माझ्यानेच, मग बिघडणार कुठे? माझं खोटं कधी उघडं पडलंच नाही.

मग एकदा दारात आईचं बोट चेमटलं. इतकं सुजलं की डॉक्टरांनी अंगठी कापूनच काढली. ती बाबांनी घातलेली, आणि बाबा आता नाहीत. आई रिकाम्या बोटावरून अंगठा फिरवत राहिली, बस.

तिची थोरली मुलगी, ताई, अंगठी गुपचूप सोनाराकडे घेऊन गेली. परत येऊन तिने धाकटीला सांगितलं, "ते म्हणाले, झिजून तार झालीय. घरी बोटाचं माप घे, नीट घे. एकदाच जोडून देईन. पुन्हा कापली तर हातात तुकडेच येतील."

दुपारी आईचा डोळा लागला. दोघी मांजरीच्या पावलांनी आल्या. ताईने मला बोटाच्या मुळाशी गुंडाळलं.

"हळू गं, उठेल!"

"आधी तू धापा टाकणं थांबव. इंजिन कुठली!"

"किती आलं?"

"मिलिमीटरच्या चोपन्न रेघा. दोन्ही वेळा तेवढ्याच."

छप्पन्न गं, छप्पन्न! मी जीव तोडून ओरडत होते. पण टेपला तोंड कुठे असतं? आणि त्या बोटाचा जाड झालेला सांधा तर दोघींनी पाहिलासुद्धा नाही.

अंगठी आली. आईचे डोळे भरले. तिने घाईघाईने ती बोटात सरकवली आणि ती सांध्यावर अडकली. ताईने जोर लावला.

"सोड! सोड म्हणते ना! परत कापतील गं ती!" आईला असं किंचाळताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

धाकटीने साबण आणला. कशीबशी अंगठी निघाली. सांधा लालबुंद झाला होता.

"मी दोनदा मोजलं होतं, आई," ताई रडवेली झाली.

"कशाने?"

ताईने मला पुढे केलं. आईने मला हातात घेतलं.

"अगं, ही ताणलेली आहे. मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही."

मित्रांनो, जुनी वस्तू फेकू नका, पण तिची खोड घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बोटाचं माप कागदाच्या पट्टीने घ्या. ती सांध्यावरून सरकते का बघा आणि मग शाळेच्या पट्टीवर मोजा. आणि ज्याचं बोट आहे त्याला उठवून विचारा हो!

आता अंगठी आणि मी एकाच डब्यात राहतो. रोज सकाळी आई आधी तिला बोटात घालून बघते. ती सांध्याशी थांबते. मग आई तिला अलगद डब्यात ठेवते, मला गळ्यात घालते आणि कामाला लागते.