आईनं सांगितलेलं कॉलेज

हायस्कूल संपलं आणि केयाच्या मैत्रिणी मिशिगनमधलं ट्रॉय गाव सोडून गेल्या. केयाला अ‍ॅन आर्बरच्या नामांकित युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला नव्हता. तिनं घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. तिथे दोन वर्षं केमिस्ट्री नीट करायची आणि मग अ‍ॅन आर्बरला ट्रान्सफर घ्यायची, असं तिनं ठरवलं. बाबांना ते पटलं. आईला मात्र त्यात कमीपणा वाटला.

सप्टेंबरात महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत, वीणाकाकूंनी आईला विचारलं, केया हल्ली कुठे असते. केया मागेच उभी होती.

"अ‍ॅन आर्बरला," आई म्हणाली. "वीकेंडला आलीय."

केया ताटात कोशिंबीर वाढून घेत राहिली. त्यानंतर ती मंडळात गेली नाही. भर आठवड्यात इंडियन स्टोअरमध्ये जायची वेळ आली, तर ती बाहेर गाडीतच बसायची. खोटं आईचं होतं, सांभाळावं तिला लागत होतं.

कॉलेजात कुणी थांबायचं नाही. मुलं क्लास संपला की कामावर पळायची. लॅबमध्ये एका टेबलावर दोघं असत. केयाची पार्टनर हॉस्पिटलात काम करायची. तिसऱ्या आठवड्यात तिची शिफ्ट बदलली आणि तिनं कोर्स सोडला. सरांनी दुसऱ्या जोडीत बसायला सांगितलं, तर केया नको म्हणाली. एका हातानं ब्युरेटची तोटी, दुसऱ्या हातानं फ्लास्क, असं ती एकटीच करायची. द्रावण हवं तसं फिकट गुलाबी झालं की क्षणभर छान वाटायचं, आणि मग ते दाखवायला शेजारी कुणी नाही हे लक्षात यायचं. डबा ती पार्किंगमध्ये खायची. मैत्रिणींच्या ग्रुपवर आधी रोज मेसेज येत, मग फक्त वाढदिवसाला.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत ती ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये शिरली, तर मागच्या टेबलावर गॉगल लावून वीणाकाकू बसल्या होत्या. दोघीही गोंधळल्या.

"तू अ‍ॅन आर्बरला ना?"

"आई तसं सांगते."

काकूंनी शेजारच्या स्टुलावरची बॅग उचलून तिला जागा करून दिली. मग हळूहळू त्यांनी आपलं सांगितलं. नागपूरला बी.एस्सी. अर्धवट सुटली होती, आता फार्मसीला जायचं होतं. मंडळात त्यांनीही कुणाला कळू दिलं नव्हतं. नापास झाले तर हसतील सगळे, म्हणाल्या.

दोन महिने दोघींनी बरोबर काम केलं. काकूंना पुस्तक वाचायला वेळ लागे, पण त्यांचा हात स्थिर होता. त्या पोळीभाजी आणत, दोघी खिडकीशी बसून खात. केया घरी इंग्रजीतच बोलायची. काकूंशी मराठीत बोलू लागली.

मार्चमध्ये काकूंच्या नवऱ्याची नोकरी गेली. व्हिसा टिकवायचा तर साठ दिवसांत दुसरी हवी होती, ती टेक्ससमध्ये मिळाली. काकूंनी कोर्स सोडला. जाताना म्हणाल्या, तिथेही कॉलेज असेलच. उरलेलं सेमिस्टर तिनं एकटीनं काढलं. या वेळी ते जास्त जड गेलं.

मे महिन्यात अ‍ॅन आर्बरला ट्रान्सफर मिळाल्याची ईमेल आली. आईनं तिला घट्ट जवळ घेतलं आणि लगेच फोन उचलला. नाव शोधता शोधता तिचं बोट थांबलं. सगळ्यांच्या लेखी केया दोन वर्षांपासून तिथेच होती.

"कुणाला सांगू?" आई म्हणाली.

"खरं सांग," केया म्हणाली. "आय अ‍ॅम टायर्ड, आई."

आईनं मंडळातल्या लतिकामावशीला फोन लावला. "नाही गं, आत्ता जाईल. दोन वर्षं इथेच शिकली, एकटीनं," एवढं केयाला जिन्यातून ऐकू आलं. आईचा आवाज पुढे बारीक झाला.

केयानं खोलीत येऊन वीणाकाकूंना मेसेज केला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ऑरगॅनिक त्या तिथल्या कॉलेजात पुन्हा पहिल्यापासून घेत होत्या.