खिडकीचा गज

"पालकाची सही करा इथं," म्हणत साळवेबाईंनी प्रवेशाचा अर्ज पुढं सरकवला, तोच बाहेर टोल घणघणला. अकरासुद्धा वाजले नव्हते, पण मधली सुट्टी झाली असं समजून चारही वर्गांची पोरं हुर्र्यो करत अंगणात आली. टोलाखाली, हातोडी दोन्ही हातांनी धरून, एक सहा वर्षांची मुलगी उभी होती. डोक्यावरचे केस पार कातरून टाकलेले.

"निकिते! अगं ए भवाने!" टेबलापाशी उभी असलेली तिची आई धावली. पोरीला दंडाला धरून आत आणलं आणि खाली मान घालून म्हणाली, "माफ करा बाई. एक घडी दम न्हाई हिला. घरीबी असंच करून राह्यली."

गेल्या वर्षी हे झालं असतं तर साळवेबाईंनी टेबलावरची पट्टी आधी उचलली असती. वाटूरच्या या शाळेत त्यांच्या पट्टीचा दराराच तसा होता. पण मे महिन्यात परतूरला शिक्षकांचं दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथं एक तरुण डॉक्टर आले होते. काही मुलांना एका जागी बसताच येत नाही, म्हणाले. ती मुद्दाम करत नाहीत, त्यांच्या मेंदूची घडणच तशी असते. त्यांना जवळ बसवा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, हातापायांना काम द्या. बाकीचे शिक्षक लिहून घेत होते. साळवेबाई 'मुद्दाम करत नाहीत' एवढं लिहून उठल्या आणि बाहेर नळाशी जाऊन किती तरी वेळ तोंड धूत राहिल्या. दुपारचा डबा तसाच परत गेला.

आता त्यांनी अर्जावर नजर फिरवली. आईचं नाव : चांगुणा.

त्यांनी मान वर केली. समोरची बाई शाईच्या पॅडवर अंगठा दाबत होती.

"चांगुणा? रखमाजीची चांगुणा?"

"वळखलं व्हय बाई? म्या म्हणलं, कशाच्या वळखता." ती ओशाळं हसली. "मालकाला परतूरच्या मोंढ्यात हमाली लागली. मंग इथंच भावाच्या शेजारी ऱ्हायला आले."

त्या उमटलेल्या अंगठ्याकडं बाईंना बघवेना. एकोणीस वर्षांपूर्वी हीच पोर पाटीवर स्वतःचं नाव लिहायची. 'चां' एवढा मोठा काढायची, की 'णा' पाटीत मावायचाच नाही.

चौऱ्याऐंशी साल होतं ते. साळवेबाईंची पहिलीच नोकरी, एका खोलीत अठ्ठेचाळीस पोरं. चांगुणा दुसरीत. फाट्यावर एसटी वाजली की ही दारात. कावळा ओरडला की ही खिडकीत. छडी मारायचं बाईंच्या जिवावर यायचं, तेव्हा कोवळं वय होतं. मग त्यांना एक युक्ती सुचली. दोन वेण्या, दोन लाल रिबिनी. चांगुणाला खिडकीशी बसवायचं आणि रिबिनींची टोकं गजाला बांधायची. मारण्यापेक्षा हे बरं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. पोर खरंच बसायला लागली. मोठ्या गुरुजींनीसुद्धा शाबासकी दिली.

एक दिवस रस्त्यानं नंदीबैल आला. गुबुगुबु कानावर पडताच चांगुणा, आपल्याला बांधलंय हे विसरून, दाराकडं उसळली. हिसका असा बसला की कानामागं केसांच्या मुळाशी रक्त आलं. सगळा वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून चांगुणा आली नाही. बापानं, रखमाजीनं, तिला कापूस वेचायला लावलं. बाईंनी घरी जाऊन विचारलं नाही. खोटं कशाला बोला, वर्ग शांत झाला म्हणून त्यांना बरंच वाटलं होतं.

"चांगुणा," साळवेबाई म्हणाल्या. "माझं चुकलं गं. तुला बांधायला नको होतं."

चांगुणा गोंधळली. पदराच्या टोकाला अंगठ्याची शाई पुसत म्हणाली, "अवो, तुमचं काय चुकलं? म्याच लई वांड होते. तुमी बांधत होत्या म्हणून दुसरीपर्यंत तरी आले."

यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. पोरीनं एकोणीस वर्षं सगळा दोष आपल्याच पदरात घेतला होता.

"निकिताला मी माझ्या वर्गात घेते. कधी बांधणार नाही, मारणार नाही. टोल तिनंच वाजवायचा. फक्त मी सांगेन तेव्हा. चालेल?"

"तुमी म्हणाल तसं," चांगुणा म्हणाली. बाईंनी टेबलाभोवती फिरणाऱ्या निकिताला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवला. कातरलेलं अजून हाताला टोचत होतं, कुठं लांब, कुठं आखूड.

"केस का गं कापले एवढे?"

"उवा झाल्त्या," चांगुणा झटकन म्हणाली.

"न्हाई झाल्त्या!" निकिता हात सोडवत ओरडली. "आईनं आज सकाळीच कापले. म्हणली, शाळेत जायचं तर केस ठेवायचेच न्हाई."

चांगुणानं पोरीकडं पाहिलं, बाईंकडं नाही. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

त्यांनी निकिताला वर्गात नेलं, दाराजवळ, आपल्या खुर्चीशेजारी बसवलं आणि लगेच उठवून तिच्या हाती पाट्यांची चळत दिली. "एकेक वाट." पोरगी पळत पळत वाटू लागली. दोन खाली पडल्या, एक फुटली. बाईंनी तुकडे उचलून बाजूला ठेवले.

खिडकीबाहेर चांगुणा उभी होती. शेतात जायची तिची वेळ टळून गेली होती. "जा गं तू आता, मी आहे ना," असं म्हणायला साळवेबाई दोनदा खिडकीपर्यंत गेल्या आणि दोनदा तशाच परतल्या.

मधल्या सुट्टीचा टोल निकितानं वेळेवर वाजवला. पोरं बाहेर पळाली, तेव्हाही चांगुणाच्या हातात खिडकीचा गज होता.