डॉक्टरच्या दारावरची पाटी

पंडितदादाचं निळं पत्र आलं की आमच्या घरात मीच तहसीलदार. बा आणि माय समोर बसतात आणि मी वाचीन तेवढंच त्यांना कळतं. दादा माझा थोरला भाऊ. डिप्लोमा करून जर्मनीत स्टुटगार्ट नावाच्या शहरात यंत्रांच्या कारखान्यात लागलाय. तिथं रविवारी बाहेर कपडे वाळत घातले तर शेजारी दार वाजवतात म्हणे, आणि पाव एवढा कडक की दात शाबूत राहिले तर नशीब. खोलीसाठी तो तीन घरांत फिरला होता. "खोली रिकामी होती, मला बघून भरली," असं त्यानं लिहिलं होतं. चौथ्यानं दिली.

पण यंदाच्या दिवाळीनंतर जे पत्र आलं, ते मी सात वेळा वाचलं.

"विशाखा, जय भीम. एक दिवस कामावरून आलो तर माझ्या दाराला लाकडी पाटी लटकवलेली. शब्दकोश काढून वाचली: या आठवड्यात झाडायचं काम तुमचं. जिना, दारापुढची वाट, सगळं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, इथंही ओळखलं यांनी! एवढा समुद्र ओलांडून आलो तरी झाडू माझ्याच हातात? पाटी काढली आणि खालच्या मजल्यावर एक डॉक्टर राहतो, त्याच्या दाराला अडकवून आलो. सकाळी हेबर्लेबाई नावाची म्हातारी मला दंडाला धरून खाली घेऊन गेली. तिथं यादी लावलेली. मागचा आठवडा डॉक्टरचाच होता, पुढचा तिचा स्वतःचा. लाजलो आणि झाडलं. बाईंनी कठड्यावरून बोट फिरवून बघितलं आणि परत पुसायला लावलं. नंतर डॉक्टरचा आठवडा आला, तेव्हा मी मुद्दाम जिन्यात उभा राहिलो. गुडघे टेकून, ओल्या फडक्यानं पुसत होता."

"फिरून वाच," माय म्हणाली. "डागदर?"

"हां, डागदर. गुडघ्यावर."

माय उठली आणि तिनं कोपऱ्यातला झाडू आणून बाच्या पुढ्यात ठेवला. "शुक्कीरवार तुमचा."

बा देवगाव फाट्याच्या रस्त्यावर गँगमध्ये खडी टाकतो. तो हसला. पण शुक्रवारी झाडलं बरं का त्यानं!

आता आमच्या नववीचं सांगते. वर्गात पस्तीस जण, झाडतात तिघी: मी, सुला आणि चतुरा. तिघीही आमच्याच वस्तीतल्या. आमचे वर्गशिक्षक दत्तराव सर म्हणतात, "तुम्हाला सवय असते."

मधल्या सुट्टीत मी पत्रातलं सगळं सांगितलं. कापडदुकानवाल्या सिद्रामप्पांची गौरा म्हणाली, "एवढं शिकून झाडू मारायलाच गेला व्हय गं तुझा भाऊ?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मागच्या वर्षीची मी असते तर रडले असते.

"डॉक्टरबी मारतो," मी म्हणाले. "तुझ्या आप्पाच्या दुकानाच्या चौपट त्याचा दवाखाना हाय!" दवाखान्याचं दादानं काहीच लिहिलं नव्हतं. तेवढं मी घातलं.

घरी येऊन पुठ्ठा कापला, शाईनं लिहिलं, "आज झाडायचं काम तुमचं", आणि सुतळी ओवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी गौराच्या बाकाला लटकवली. हजेरीतला पहिला नंबर तिचा.

सर आले. "हे कुणाचं काम?"

"माझं, सर." मी उभी राहिले. "आजपासून हजेरीच्या नंबरानं झाडू या. माझा नंबर अकरावा. त्या दिवशी मी कोपऱ्याकोपऱ्यातनं झाडीन."

"आणि आज?"

"आज माझा नंबर न्हाई."

"उद्या बापाला घेऊन ये," सर म्हणाले. "न्हाईतर हजेरीतून नावच काढतो. मग नंबरच ऱ्हायचा न्हाई."

मायनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "दहावी होऊ द्यायची व्हती ना, मग भांडायचं!"

"मी भांडले न्हाई. नंबर सांगितला."

"आन् नाव काढलं तर?"

शाळा गेली तर मी पण खडीवरच. बा भाकरी खात राहिला.

सकाळी तो डांबराच्या डागाचं धोतर नेसूनच वर्गाच्या दारात उभा राहिला.

"लिंबाजी, पोरीला समजव," सर म्हणाले. "दोन मिनिटांचं काम. त्यात कसला कमीपणा?"

"कमीपणा न्हाईच, गुरुजी. घरी मीबी झाडतो. शुक्कीरवारी."

वर्ग खिदळला. बा हसला नाही.

"दोन मिन्टाचंच हाय तर समद्यांलाच जमंल. हिचा वार सांगा. त्या दिशी हिनं न्हाई झाडलं तर खुशाल नाव काढा. त्याआधी काढायचं तर कशापायी काढलं ते कागदावर लिहून द्या. माझ्या पंडितला धाडतो."

सरांचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्यांनाच गृहपाठ विचारलाय. त्यांनी हजेरी टेबलावर आपटली. "ठीक हाय! नंबर एक!"

त्यांना वाटलं असणार, गौरा रडेल आणि अख्खा वर्ग माझ्यावर उलटेल. गौराचे कान लाल झाले. तिनं माझ्याकडं असं बघितलं की कच्चीच खाईल. मग उठली आणि झाडू घेतला. उंदराची शेपटी धरावी तसा, दोन बोटांनी! पाणी न शिंपडताच ती दाराकडून आत झाडत सुटली. एवढी धूळ उडाली की सरांनी भूगोलाचं पुस्तक नाकाला लावलं.

"आधी पानी शिंपड," मी म्हणाले.

"गप बस," ती म्हणाली. पण तांब्या घेतला.

बा दारातून सगळं बघत होता. माझे हात शिवशिवत होते. एका झटक्यात मी तो वर्ग लख्ख केला असता. पण मी दोन्ही हात बाकाखाली दाबून बसले. तेवढ्यात शेजारची सुला सवयीनं उठायला लागली.

मी परकर धरून तिला खाली ओढलं. "बस गं. तुझा नंबर सतरावा हाय."