लाल टाक्यांचे खोगीर

मी एक जुने खोगीर आहे. घोड्याचे नव्हे, झाडाचे. हसू नका मित्रांनो, झाड धावत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्याकडे, मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, पानगळ सुरू झाली की शिकारी धनुष्यबाण घेऊन झाडावर चढतो, पट्ट्यांची एक बैठक कमरेखाली बांधतो आणि दोराने खोडाला लटकून हरणाची वाट पाहतो. ती बैठक म्हणजे मी. आता माझे तुकडे झाले आहेत. तरी माझी गोष्ट मला सांगायची आहे, कारण ती ऐकून एखादा तरी माणूस झाडावरून धड खाली येईल.

मला ओन्नी केटोला यांनी घरीच शिवले. ते ओंडक्यांच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. ओंडके आवळायचे जाड काळे पट्टे त्यांनी आणले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बायकोच्या शिलाई मशीनशी झटापट सुरू केली. सुया पटापट मोडत होत्या.

"झाडावर राहायला जायचंय, तर आधी शेपूट शिवून घे," सायमाबाई म्हणाल्या.

"माप घ्यायला तू आहेस ना?" ओन्नी म्हणाले, आणि आणखी एक सुई मोडली.

पहिल्यांदा मी एकच रुंद पट्टा होते. कोणतेही नवे काम आधी घोट्याएवढ्या उंचीवर तपासायचे, हा ओन्नींचा नियम होता. अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाला मला बांधून ते जमिनीपासून वीतभर वर बसले. थोड्या वेळाने उतरले तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या आणि ते बदकासारखे चालत घरात गेले. त्यांनी मला लगेच उसवले. एकाचे दोन पट्टे केले, एक कमरेमागे आणि एक मांड्यांखाली, दोन्ही हवे तसे सरकणारे. झोपायच्या जुन्या चटईचा फोम कापून आत घातला. मांड्यांना दोन फास लावले, म्हणजे माणूस घसरला तरी बैठकीतून निसटणार नाही.

सायमाबाईंचा भाऊ तौनो कॉफी प्यायला आला होता. तो म्हणाला, "दाजी, शिकारीला चाललाय की झोपायला? केवढी ही खोगीरभरती!"

"मांडीला कळ लागली की माणूस हलतो, तौनो. हलला की हरीण पळतं. आणि घाईघाईत हलला, तर माणूसच पडतो."

एक गोष्ट ओन्नींनी फार विचार करून केली. काळ्या पट्ट्यावर त्यांनी लाल दोऱ्याने टाके घातले. एखादा टाका तुटला तर तो लांबूनही दिसावा, म्हणून. झाडावर चढण्यापूर्वी ते प्रत्येक लाल टाक्यावरून अंगठा फिरवायचे. मला ते फार आवडायचे. कितीतरी हिवाळे मी त्यांना सुखरूप वर नेले आणि सुखरूप खाली आणले. शिकारीचा मोसम आला की बाकीचे शिकारी मला उलटेसुलटे करून बघायचे, "ओन्नी, आमचंही बूड वाचव रे," म्हणायचे. मी अगदी फुलून जायचे.

हरणाला माणूस दिसण्याआधी त्याचा वास येतो. म्हणून आमच्याकडचे शिकारी आपले कपडे धुराला धरतात. आणि फिनलंडहून इथे आलेल्या आमच्या लोकांच्या घरी सौना असतेच. अंगणातली लाकडी खोली, चुलीवर तापलेले दगड, त्यावर पाणी टाकले की उठणारी वाफ. शनिवारी सगळ्यांचे न्हाणे तिथेच. तौनोनेच सुचवले, "खोगीर सौनात टांगा. धुराचा वास लागला की हरीण तुमच्या मांडीवर येऊन बसेल." ओन्नींनी चुलीच्या धुराड्याशेजारी एक खुंटी ठोकली. तेव्हापासून माझी जागा ती.

माझ्या दोन्ही कुशींना जोडणारा पुढचा नायलॉनचा दोर असतो. त्याला पूल म्हणतात. झाडाला बांधलेला दोर या पुलाला अडकवायचा, मग माणसाचे सारे वजन पुलावर. त्या शनिवारी कडाक्याची थंडी होती आणि सौना खूप तापली होती. माझा पूल धुराड्याला टेकला होता. एका जागी तो गरम होत गेला, मऊ झाला आणि गार झाल्यावर कडक, गुळगुळीत होऊन बसला. मला ओरडायचे होते. पट्ट्यांना तोंड नसते.

दुसऱ्या दिवशी ओन्नींनी लाल टाके तपासले. सगळे शाबूत होते. ते हेमलॉकच्या उंच झाडावर चढले. दुपारी एक हरिणी आली. बाण सोडायला ओन्नी डावीकडे झुकले आणि पूल तुटला.

मी त्यांच्याबरोबरच खाली आले. तौनोने आम्हाला शोधले तेव्हाही मी त्यांच्या कमरेला घट्ट होते.

जुन्या रीतीप्रमाणे त्यांना सौनातच शेवटचे न्हाऊ घातले. मी बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत पडले होते आणि फळीपलीकडे पाणी ओतल्याचा आवाज ऐकत होते. तौनो रडत रडत म्हणत होता, "दोरच कुजका निघाला. कुजका माल विकतात मेले!" सगळ्यांनी तेच धरून ठेवले. सायमाबाईंनी तुटलेल्या दोराचे टोक उचलले आणि एप्रनच्या खिशात ठेवले. कितीतरी वर्षे खिशात हात घालून त्या ते बोटांनी चाचपत राहिल्या.

मित्रांनो, ओन्नी गेले, पण त्यांचे वजन गेले नाही. मी त्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टांगलेले असायचे, आणि पाने गळू लागली की माझे पट्टे आपोआप ताणले जायचे. आधी मांड्यांखालचा, मग कमरेचा. अंगणात हरीण आले की ते वजन डावीकडे झुकायचे आणि माझे टाके करकरायचे. घरातला कुत्रा त्या खोलीत पाऊल टाकत नसे. सायमाबाईंना मात्र भीती वाटायची नाही. "बस, ओन्नी, बस," त्या सदरा अडकवता अडकवता म्हणायच्या. "हरीण अजून लांब आहे." मला मात्र भीती वाटायची. मी एकाच माणसासाठी शिवलेले होते, आणि तो माणूस माझ्यातून उतरत नव्हता.

मग त्यांची मुलगी विएनो शहरातली नोकरी सोडून आईजवळ राहायला आली. लहानपणी बापाबरोबर ती रान हिंडली होती.

"आई, बाबांचं खोगीर घेऊन मी जाणार आहे."

"कुजका दोर आधी बदल," सायमाबाई एवढेच म्हणाल्या.

विएनोने नवा दोर आणला. एक नाही, दोन. एक तुटला तर दुसरा धरेल. तिची कमर बारीक, म्हणून तिने पट्टे सरकवून घेतले, बक्कल बदलली, चटईचा चुरा झाला होता तिथे नवा फोम भरला. पण बापाचा एकही लाल टाका तिने उसवला नाही. सफरचंदाच्या झाडाला ती वीतभर उंचीवर बसली तेव्हा माझ्यात दोघे बसले होते. तिचे वजन हलके होते. दुसरे मी ओळखत होते.

ती एकदम उतरली. "आई, यात आधीच कुणीतरी बसलंय असं वाटतं गं."

"बसला असेल," सायमाबाई म्हणाल्या. "त्याला उतरता कुठे आलं?"

मोसम सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी विएनोने मला उचलले, सौनात नेले आणि धुराड्याशेजारच्या त्याच खुंटीवर टांगले. वास जायला हवा ना! दोन दोर होते, पण खुंटी एकच. चुलीत लाकडे पडली. दोन्ही नवे पूल धुराड्याला टेकले आणि मऊ होऊ लागले. ही मुलगी सकाळी लाल टाके तपासेल, समाधानाने चढेल आणि बापासारखीच पडेल, एवढेच माझ्या मनात घोळत होते. मी जिवाच्या आकांताने करकरले. तेव्हा ते वजन माझ्यात आले. पूर्वी कधी आले नव्हते इतके जड. ते खाली खेचत राहिले, खेचत राहिले, आणि खुंटी उपटून मी धाडकन फळ्यांवर पडले.

आवाज ऐकून सायमाबाई आत आल्या. त्यांनी मला उचलून बाहेरच्या गार खोलीत आणले, तोवर दोर निवून कडक झाले होते. त्यांची बोटे दोराच्या त्या कडक, गुळगुळीत जागेवर आली आणि थांबली. त्यांनी दुसरा हात खिशात घातला.

"विएनो! हा दोर नवा आहे ना?"

"परवाच आणला. का?"

"हात लाव इथे. आता इथे." त्यांनी खिशातले टोक तिच्या हातात दिले. दोन्हीकडे तोच कडकपणा होता.

विएनोने दोन्हींवरून पुन्हा अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे बाबांचा दोर कुजका नव्हता."

"चूल मीच पेटवली होती त्या दिवशी. त्याला फार थंडी वाजत होती, म्हणून लाकडं जास्त घातली."

"आई, तुला कुठे ठाऊक होतं?"

"नव्हतं. आज आहे. कात्री आण."

विएनोने कात्री आणली, पण दिली नाही. "दोर टाकून देऊ. पट्टे राहू देत ना. बाबांच्या हातचे आहेत. बघ तरी, सगळे लाल टाके शाबूत आहेत."

"त्यानेही तेच पाहिलं होतं गं," सायमाबाई म्हणाल्या, आणि कात्री तिच्या हातातून काढून घेतली.

पट्टा जाड होता. पण त्या थांबल्या नाहीत. मला दुखले का, म्हणून विचाराल. दुखले. मग शेवटचा पट्टा सुटला आणि ते वजन माझ्यातून निघाले. आधी एक पाय, मग दुसरा, दमलेला माणूस झाडावरून उतरतो तसे. इतक्या वर्षांनी मी रिकामे झाले. मला हायसे वाटले, आणि रडूही आले.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात की आम्हाला फेकू नका, जपा. मी उलटे सांगते. गेलेल्या माणसाच्या हातचे काही असेल तर ते खुशाल कपाटात ठेवा, रडा त्याला धरून. पण ज्याच्यावर जीव टांगायचा, ते प्रेमाने जपू नका. ते डोळे उघडे ठेवून तपासा, आगीपासून दूर ठेवा, आणि शंका आली की कापून टाका. आम्हाला राग येत नाही.

विएनोने नवे पट्टे आणून नवे खोगीर शिवले आणि ते ओसरीत, वाऱ्यावर टांगले. काल ती रानात गेली होती. दिवसभर सायमाबाई खिडकीशी बसून होत्या, कॉफी तशीच गार झाली. संध्याकाळी विएनो रिकाम्या हाताने परत आली. हरीण दिसले का, हे सायमाबाईंनी विचारलेच नाही.

"आलीस?" एवढेच त्या म्हणाल्या, आणि तिचा हात कितीतरी वेळ सोडला नाही.