रागिणीच्या नावाच्या शेळ्या

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास राधिका मॅडमचा. त्या तासाला पुस्तकं दप्तरातच राहायची. पैसा सांभाळायचा कसा आणि वाढवायचा कसा, एवढंच मॅडम शिकवायच्या. हिंगोलीला त्यांचं त्याचं प्रशिक्षण झालं होतं, आणि तिथून आल्यापासून या विषयानं त्यांना पुरतं झपाटलं होतं. वर्ग नववीचा. साखऱ्याच्या आसपासच्या वस्त्यांवरची पोरं, कुणाच्या घरी कोरडवाहू सोयाबीन, कुणाच्या घरी मेंढरं.

"संपत्ती म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं.

कुणी मोटारसायकल म्हणालं, कुणी मोबाईल. संतराम नावाच्या मुलानं सोनं सांगितलं.

"मोटारसायकल आणली त्या दिवसापासून तिची किंमत उतरायला लागते. आणल्यावर आपोआप वाढणारं काय आहे तुमच्या घरात?"

मागच्या बाकावरून रागिणी म्हणाली, "शेळी."

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "उभी राहा," त्या म्हणाल्या, "आणि नीट सांग."

रागिणीनं सांगितलं. ती लहान असताना कुरुंद्याच्या रामप्रसादमामानं तिला एक पाठ दिली होती, अजून न व्यालेली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिचं नाव चांदी. चांदी व्याली, तिच्या लेकी व्याल्या, त्यांच्या लेकी झाल्या. रागिणीचे वडील मसाजी यांचा स्वतःचा मोठा कळप होता, मेंढ्या होत्या, शेळ्या होत्या. पण चांदीचं खानदान वेगळं. मसाजींनीच एकदा पाव्हण्यारावळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "बोकडं घराचे, माद्या रागीच्या." बोकड बाजारात जायचे, घराला तेलमीठ यायचं, त्याला रागिणीची कधी हरकत नव्हती. माद्या राहायच्या. आता गोठ्याची एक अख्खी बाजू तिच्या शेळ्यांनी भरली होती.

"आणि त्यांचं पुढं काय करणार?" मॅडमनी विचारलं.

"बारावीनंतर नर्सिंगला जायाचं. त्याच्यासाठी हायेत."

हे तिचं एकटीचं ठरलेलं नव्हतं. तिचं आणि तिच्या आईचं, अनुसयाबाईंचं ठरलं होतं. पाला तोडायला दोघी जायच्या. शेळी अडली की अनुसयाबाई हाताला तेल लावून बसायच्या आणि रागिणी तिचं डोकं मांडीवर धरायची. पिल्लू बाहेर आलं आणि मादी निघाली की आई तिच्याकडं बघून हसायची, "घे, तुझी अजून एक फी." घरात आबा, म्हणजे मसाजी, चिडले, थोरला भाऊ प्रभू काही बोलला, तर रागिणी आईच्या मागं जाऊन उभी राहायची. या घरात आई आपली आहे याबद्दल तिला कधी विचार करावा लागला नव्हता.

मॅडमनी रागिणीच्या शेळ्यांचा प्रकल्पच करायचं ठरवलं. मोठ्या पुठ्ठ्यावर चांदीपासून सगळ्यांची चित्रं रागिणीनं स्वतः काढली. चारा किती लागतो, रोग कोणते येतात, लस कधी टोचायची, हे सगळं ती न अडखळता बोलायला शिकली. दिवाळीनंतर पालकांची सभा झाली तेव्हा मॅडमनी तिला सगळ्यांसमोर बोलायला लावलं आणि शेवटी म्हणाल्या, "मसाजीभाऊ, या शाळेत सगळ्यात श्रीमंत मुलगी तुमची आहे."

मसाजी पुढच्या सतरंजीवर बसले होते. एरवी सभेला ते यायचेही नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "म्याडम, मंग आता ह्याच्या म्होरं काय करावं माणसानं?"

मॅडमना आनंद झाला. असा प्रश्न कोणत्याच पालकानं विचारला नव्हता. "सगळं एकाच जागी ठेवू नये," त्या म्हणाल्या. "उद्या शेळ्यांत साथ आली तर? थोडं इकडं, थोडं तिकडं. जे कमाई करून देईल त्याच्यात घालावं."

"बराबर हाय," मसाजी म्हणाले. घरी जाताना वाटेत त्यांनी रागिणीच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिला पुढं कितीतरी दिवस जाणवत राहिला.

प्रभूचं लग्न जुळत नव्हतं. वसमतकडं हळदीच्या हंगामात तो शिजवणीच्या कामाला जायचा, बाकी वर्षभर मिळेल ते करायचा. मुलीकडचे विचारायचे, पोरगं काय करतंय, आणि मसाजींना उत्तर सापडत नसे. एका ठिकाणी मात्र बोलणं पुढं गेलं होतं. मुलीच्या बापाचं म्हणणं होतं, पोरानं स्वतःचं काही उभं करावं. प्रभू भाड्यानं माल वाहायच्या पिकअप गाडीचं बोलू लागला. घरात हे बोलणं चालायचं तेव्हा रागिणी अभ्यास करत असायची, आणि त्याचा आपल्याशी काही संबंध असेल असं तिला वाटलंही नाही.

प्रकल्प जिल्ह्याच्या स्पर्धेला निवडला गेला. हिंगोलीला जायचं होतं, राधिका मॅडमसोबत, एसटीनं. त्या दिवशी अनुसयाबाईंनी लेकीला समोर बसवून तेल लावलं आणि घट्ट दोन वेण्या घातल्या. एवढ्या निवांत त्या कधी वेण्या घालत नसत. भाकरी आणि ठेचा बांधून दिला, वर गुळाची पोळी ठेवली.

"घाई करू नको," त्या म्हणाल्या. "म्याडमसंगं सावकाश ये. काही तकलीफ न्हाई इकडं."

"शेळ्यांला पाणी?"

"मी हाय ना."

हिंगोलीला रागिणीचा दुसरा नंबर आला. परीक्षकांनी तिला लस आणि चारा यांबद्दल खोदून खोदून विचारलं, तिनं सगळ्याची उत्तरं दिली, आणि विभागासाठी तिची निवड झाली. प्रमाणपत्र चुरगळू नये म्हणून ती एसटीत ते दोन्ही हातांनी धरून बसली. फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत जवळजवळ धावतच आली. ऊन अजून होतं.

गोठ्यातून एकच शेळी ओरडत होती. आवाज चांदीचा होता.

रागिणी दारातच थांबली. आबांच्या मेंढ्या होत्या, आबांच्या शेळ्या होत्या. पलीकडची बाजू रिकामी होती. खुंट्यांना दावीसुद्धा नव्हती, दाव्यांसकट नेल्या होत्या. जमिनीवर सकाळचा पाला तसाच पडला होता, अर्धवट खाल्लेला. चांदी एकटी उभी राहून दाराकडं तोंड करून ओरडत होती.

"माय!" रागिणीनं हाक मारली. "माय, शेळ्या?"

अनुसयाबाई चुलीपाशी होत्या. त्या उठल्या नाहीत.

मसाजी बाहेर बाजेवर बसले होते. ते म्हणाले, "इकडं ये रागे. बस. रिसोडचा व्यापारी आला व्हता, भाव चांगला देला त्यानं. प्रभूची गाडी बुक झाली आज."

"माझ्या शेळ्या इकल्या?"

"तुझ्या म्हंजी? माझ्याच गोठ्यात व्हत्या ना? माझाच चारा खाल्ला ना?"

"तुमीच म्हनले व्हते, माद्या रागीच्या!"

"अगं म्हनलो व्हतो. लेकराला आपुन म्हनतोच." मसाजींचा आवाज चढला नाही, तेच तिला सहन होईना. ते तिला समजावत होते, वर्गात मॅडम समजावायच्या तसं. "तुझी म्याडमच म्हनली, एका जागी ठेवू नका. साथ आली तं सगळ्या जातीन. आता गाडी कमवंल. म्या तं तुमच्या शाळेतलंच ऐकलं."

"मॅडमनी माझ्या इका म्हनून सांगितलं न्हाई!"

"मंग कोनाच्या इकू? माझ्या इकल्या तं घर कशावर चालंल?"

प्रभू दाराशी आला. "मी मागितल्या न्हाईत रागे," तो म्हणाला. "आबांनीच ठरवलं." मग म्हणाला, "गाडी चालू लागली का तुला दुसऱ्या घेऊन देतो. खरंच देतो." हे म्हणताना त्याची नजर तिच्या हातातल्या प्रमाणपत्रावर होती.

"चांदी काहून राहिली?"

"म्हातारी म्हनून घेतली न्हाई त्यानं," मसाजी म्हणाले.

त्या दिवशी रागिणी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही आईनं वाढलेलं ताट तिनं तसंच ठेवलं. चांदी ओरडून ओरडून घसा बसल्यासारखी झाली आणि मग गप्प झाली.

सोमवारी तिनं शाळेत मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा पडला. "हे बरोबर नाही झालं," त्या म्हणाल्या. "मी येते घरी. मी बोलते त्यांच्याशी." रागिणीला धीर आला. मॅडम बोलतील. ज्या मॅडमनी वर्गाला सांगितलं होतं की मुलीच्या नावाचं मुलीचंच राहिलं पाहिजे, त्या आबांना हे तोंडावर सांगतील.

संध्याकाळच्या आत मॅडम स्कूटीवर आल्या. बाजेवर चादर अंथरली गेली, चहा झाला. रागिणी आत भिंतीला टेकून ऐकत होती. मसाजींनी नम्रपणे सगळं सांगितलं, पोराचं लग्न, मुलीच्या बापाचा शब्द, गाडीचा हप्ता. मॅडमनी "पण रागिणीला विचारायला हवं होतं" असं एकदा म्हणून पाहिलं. मसाजी म्हणाले, "म्याडम, लेकरू हाय ते. शिकवायचं तं आमालाच हाय ना तिला." त्यावर मॅडमनी गाडी कोणत्या कंपनीची घेतली, हे विचारलं.

निघताना त्यांनी रागिणीला स्कूटीपाशी बोलावलं.

"घरातली गोष्ट आहे गं. कागद काही नाही आपल्याकडं. मी जास्त बोलले तर उद्या तुझी शाळाच बंद करतील, मग?"

"तू विभागाची तयारी कर. चांगली संधी आहे."

"शेळ्याच न्हाईत तं काय सांगू, मॅडम?"

मॅडमनी हेल्मेट हातात घेतलं. "तिथं कोण बघायला येणार आहे? तू हिंगोलीला बोललीस तसंच बोल. शेळ्या आहेत असंच सांग. शाळेचं नाव आहे, मीही किती धावपळ केली आहे तुझ्यासाठी."

रागिणी त्यांच्याकडं बघत राहिली. मॅडमच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडी विनवणी होती.

"मी न्हाई येनार," ती म्हणाली.

"विचार कर."

"न्हाई मॅडम. खोटं न्हाई बोलनार मी. तुमच्यासाठी बी न्हाई."

मॅडम स्कूटी सुरू करून निघून गेल्या. विभागाला संतराम गेला, रागिणीचाच पुठ्ठा घेऊन. घरच्या शेळ्यांचं काय काय सांगायचं ते मॅडमनी त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं. पुढच्या शनिवारी शेवटचा तास सुरू झाला तेव्हा रागिणी दप्तर घेऊन उठली आणि वर्गातून बाहेर गेली. मॅडमनी तिला अडवलं नाही.

पिकअप आली. हार घातला, नारळ फोडला. मसाजींनी लेकीला कुंकू लावायला बोलावलं. ती आली नाही म्हणून अनुसयाबाई तिला शोधत गोठ्याच्या मागं आल्या.

"चल बाई. लोक बघून राहिले."

"बघू दे."

अनुसयाबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्यांच्या बोटांना हळदकुंकू लागलेलं होतं.

"माझ्या बी व्हत्या," त्या म्हणाल्या. "लग्नात माझ्या बापानं देल्या व्हत्या शेळ्या. तुझ्या आत्याच्या लग्नात इकल्या तुझ्या आबानं. मला तं कोनी सांगितलं बी न्हाई. मी रानातून आली, तं गोठा मोकळा."

रागिणीनं आईकडं पाहिलं. "मंग तुला ठाव व्हतं. गोठा मोकळा दिसल्यावर कसं होतंय ते."

"व्हय."

"आन् तरी तू माझ्या वेण्या घातल्या. गुळाची पोळी देली. सावकाश ये म्हनली."

"मी काय करू शकली असती गं," अनुसयाबाई म्हणाल्या.

"मला सांगू शकली असती. मी गेलेच नसते हिंगोलीला. दावं धरून बसले असते. इकल्या असत्या तरी माझ्या डोळ्यांदेखत इकल्या असत्या. आबांनी इकल्या ते आबांनी केलं. पन त्या दिवशी मला घरातून तू काढलं."

आई रडू लागली. पूर्वी आई रडली की रागिणी तिला बिलगायची. आज ती बसून राहिली, आणि थोड्या वेळानं उठली. चांदीचं दावं तिनं सोडलं.

वस्तीपलीकडच्या तांड्याच्या कडेला पंचफुलाबाई राहायच्या. लोकांच्या शेळ्या त्या अर्ध्या वाट्यानं सांभाळायच्या, होणाऱ्या पिल्लांत निम्मी त्यांची, निम्मी मालकाची. दिलेल्या शब्दाला त्या जागतात असं वस्तीवर सगळे म्हणायचे. चांदीला तिकडं ओढत नेणाऱ्या रागिणीला गाडीजवळ उभ्या असलेल्या मसाजींनी पाहिलं, पण म्हाताऱ्या शेळीसाठी त्यांनी हाक मारली नाही.

पंचफुलाबाईंनी चांदीचे दात बघितले, कास दाबून पाहिली. "थकली हाय पोरी. एखादं वेत देईल, न देईल."

"असू द्या. पन एक अट हाय. पिल्लू झालं आन् माझ्या घरचं कोनी न्यायला आलं, तं द्यायचं न्हाई. आबाला न्हाई, दादाला न्हाई."

"न्हाई देत."

"मायला बी न्हाई."

पंचफुलाबाईंनी मान वर केली. "मायला बी न्हाई?"

"न्हाई," रागिणी म्हणाली, आणि दावं त्यांच्या हातात दिलं.